रात्रीचा पासंग

मागच्या वर्षी पाऊस सरता सरता खाला वाईला बाजाराला आली, तेव्हा पिशवीतून भाजी काढायच्या आधी तिने एक वही काढली. शंभर पानी, शाळेतल्या पोरांची असते तशी. तिच्या नातीच्या जुन्या वहीची उरलेली पानं होती ती. पुढच्या पानांवर मराठीचा शुद्धलेखनाचा अभ्यास आणि मागून खालाचे आकडे.

"ये देख," ती म्हणाली. "मशीन पे ४.२५ आया, चिठ्ठी पे ४.३ लिखा. ठीक है. दुसरे दिन मशीन पे ४.३५ आया, चिठ्ठी पे फिर ४.३. ऐसा कैसा? दोनों कू एकच भाव?"

आम्ही घरात दख्खनी बोलतो, बाहेर मराठी. खाला दोन्ही एकाच वाक्यात बोलते. मी चहा पीत होतो. मी म्हणालो, खाला, मशीनमध्ये वर-खाली होतं, कॉम्प्युटर चुकत नाही.

हे मी म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो. कारण तो कॉम्प्युटर म्हणजे मीच होतो.

खालाचं गाव वाईपासून दहा-बारा किलोमीटरवर. तीन गाई, थोडी हळद, थोडा ऊस. दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं. ज्यांनी कधी डेअरीत दूध घातलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. किटली वजनकाट्यावर ओततात, त्यातलं थोडं दूध मशीनमध्ये घालतात. मशीन फॅट सांगतं, एसएनएफ सांगतं, म्हणजे स्निग्धांश आणि दुधातले बाकीचे घन पदार्थ. दरपत्रकात आडवे-उभे रकाने असतात. एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ, दोघे जिथे भेटतात तो त्या दुधाचा लिटरचा दर. छोटीशी चिठ्ठी निघते. दहा दिवसांनी बिल होतं, त्याला गावात 'दुधाचा पगार' म्हणतात. किराणा, शाळेची फी, बचत गटाचा हप्ता, सगळं त्या पगारावर बांधलेलं असतं.

मशीनचा आकडा आणि चिठ्ठीवरचा दर यांच्या मध्ये जे सॉफ्टवेअर बसलेलं असतं, ते बनवणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा लॅपटॉप घेऊन वाईला आलो, तो इथलाच झालो. घराच्या माळ्यावर टेबल आहे. खिडकीतून पाचगणीचा डोंगर दिसतो, आणि पावसाळ्यात तोही दिसत नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर माळ्यावर गेलो, ते खालाचं समाधान करावं म्हणून. फॅटचा आकडा दरपत्रकात शोधायच्या आधी एका दशांशावर आणतात. दुसऱ्या दशांशाला ५ किंवा जास्त असेल तर वर जायचं, नाहीतर खाली. ४.२५ चे ४.३, ४.३५ चे ४.४. खाला शाळेत चौथीपर्यंत गेली, पण हा नियम तिला पक्का माहीत होता. मी प्रोग्रामला ४.३५ दिले. उत्तर ४.३ आलं.

आता इथे थोडं गणित. कॉम्प्युटर आकडे दोनाच्या पटीत साठवतो. आपल्याला १/३ दशांशात लिहायचं तर ०.३३३ करत बसावं लागतं, संपतच नाही, तसं त्याला ४.३५ नेमकं लिहिताच येत नाही. जवळात जवळचा आकडा धरतो. ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३५ यायला हवेत, पण येतात ४३४.९९९९९९९९९९९९९४. वर तुम्ही 'अपूर्णांक कापून टाक' म्हणालात की हातात राहतात ४३४. मग ४३४ चे एका दशांशावर ४.३ होणारच. ४.२५ मात्र दोनाच्या पटीत नेमका बसतो, त्याचे बरोबर ४२५ होतात. म्हणून खालाला दोन वेगवेगळ्या दुधांना एकच भाव दिसला.

'अपूर्णांक कापून टाक' ही ओळ कोणी लिहिली हे पाहिलं. नोंदीत माझं नाव होतं. नवीन प्रिंटरसाठी चिठ्ठीचा भाग बदलताना संध्याकाळी घाईत टाकलेली ओळ. तारीख २६ दिवसांपूर्वीची.

खरं दुखणं त्यापुढे आहे. अशी चूक कोणाच्याही हातून होते, म्हणून तर चाचण्या लिहितात. आमच्याकडे त्या होत्या. नव्या वाचकांसाठी सांगायचं तर चाचणी म्हणजे दुसरा छोटा प्रोग्राम, जो पहिल्याला प्रश्न विचारतो: फॅट एवढं, एसएनएफ एवढं, दर किती? उत्तर आधीच ठरलेलं असतं. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. आमच्याकडे निरनिराळ्या डेअऱ्यांची दरपत्रकं, गाय-म्हैस, सकाळ-संध्याकाळ, कपाती, उचल, पशुखाद्याची वसुली असं सगळं धरून काही हजार चाचण्या आहेत. त्या सगळ्या चालायला तेव्हा साडेतीन तास लागत. दिवसा प्रत्येक बदलानंतर तेवढं थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्या रात्री चालत.

ही पद्धत आमची नाही, जुनी आहे. स्टीव्ह मॅकॉनेल यांनी १९९६ साली 'आयईईई सॉफ्टवेअर' मासिकात रोजच्या बांधणीवर लिहिलं होतं. विंडोज एनटीच्या पहिल्या आवृत्तीत ५६ लाख ओळींचा कोड ४०,००० फाइलींमध्ये पसरलेला होता. सगळं एकदा बांधायला अनेक मशीनवर मिळून १९ तासांपर्यंत लागत, तरी ते लोक रोज बांधत. शेवटच्या टप्प्यात तिथल्या प्रोग्रामरांच्या कमरेला पेजर असायचे. ज्याच्या चुकीने बांधणी मोडली त्याला पहाटे तीनलाही बोलावून घेत. मला हे वाचताना पूर्वी हसू यायचं. एका ओळीसाठी माणसाला पहाटे उठवायचं?

पुण्याच्या ऑफिसात कोपऱ्यात एक डेस्कटॉप होता. त्यावर जेनकिन्स नावाचं सॉफ्टवेअर रोज रात्री अडीचला जागं होऊन चाचण्या चालवायचं. मी माळ्यावरून त्याचं पान उघडलं. हिरव्या गोळ्यांची एक लांब रांग, आणि मग लाल. मोजले. सव्वीस.

पहिली लाल रात्र मी ती ओळ लिहिली त्याच दिवसाची. नोंद उघडली तर स्वच्छ लिहिलेलं होतं: फॅट ४.३५, अपेक्षित ४.४, मिळाले ४.३. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्याही. खालाने जे वहीत पेनने लिहिलं होतं ते त्या डेस्कटॉपने तिच्या आधी, पहिल्याच रात्री ओळखलं होतं आणि सव्वीस रात्री सांगत होता. ऐकायला कोणी नव्हतं.

सांगत होता तो कोणाला? हे सगळं ज्याने उभं केलं तो मित्र उन्हाळ्यात नोकरी सोडून बंगळुरूला गेला. चांगला मुलगा, जाताना सगळ्यांना पेढे दिले, पासवर्ड दिले, कागदपत्रं दिली. पण चाचण्या पडल्या की जाणारी मेल त्याच्या एकट्याच्या पत्त्यावर जात होती, आणि तो पत्ता ऑफिसने रीतसर बंद केला होता. त्याची चूक म्हणू नका. ती मेल येत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा आम्ही उरलेल्या पाच जणांनी धरला होता. चार महिने.

याच चुकीची मोठी आवृत्ती जगाने पाहिलेली आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या मशीनवर डेटा पुसायची आज्ञा दिली. तो थांबेपर्यंत मुख्य डेटाबेस गेला होता. बॅकअप घ्यायला गेले तर तो नव्हता. रोजचा बॅकअप घेणारं साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं, नव्याशी जुळत नव्हतं, त्यामुळे रोज अपयशी होत होतं. आणि अपयशाची मेल? ती निघत होती, पण मेल खरी कोणाकडून आली हे तपासायची जी सही लागते ती तिच्यावर नव्हती, म्हणून दारातूनच परत जात होती. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. किमान ५,००० प्रकल्पांवर परिणाम झाला. त्या लोकांचं एक मला आवडतं. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्या जगासमोर थेट दाखवलं आणि नंतर काय काय चुकलं ते सविस्तर लिहिलं. लपवलं नाही.

आमच्यापुढे तोच प्रश्न आला.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, वाईत फळं विकायचे. हातातला तराजू, पितळेची पारडी. दुकान मांडलं की पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी ते रिकामा तराजू हातात उंच धरायचे आणि काटा बघायचे. एक पारडं जरासं खाली झुकलं तर त्याला पासंग म्हणतात. मग दुसऱ्या पारड्याला दोरीत चिंधीची गाठ किंवा खडा बांधून तो काढायचे. वजनांवर सरकारी शिक्का मुदतीने मारून मिळायचा, पण पासंग रोज बघावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. ओलाव्याने दोरी फुगते, पारड्याला चिखल लागतो. हे ते गिऱ्हाइकाला दिसेल असं करत. आम्ही पोरं त्याला नाटक म्हणायचो.

माझ्या ओळीत पासंग होता, आणि तो एकाच बाजूचा होता. कापून टाकण्यात आकडा कधी वर जात नाही, खालीच येतो. सव्वीस दिवसांत एकाही शेतकऱ्याला चुकून जास्त पैसे मिळाले नाहीत. ज्याला फरक पडला त्याला कमीच मिळाले. डेअरीचं नुकसान झालं असतं तर दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन आला असता. इथे नुकसान ज्यांचं होतं ते पहाटे पाचला रांगेत उभे राहून चिठ्ठी खिशात घालून जातात.

खालाच्या वहीप्रमाणे सव्वीस दिवसांत तिच्या दुधाला हा फटका सात वेळा बसला. त्या दरपत्रकात फॅटच्या एका पॉइंटला लिटरमागे ३० पैसे. प्रत्येक वेळी अकरा लिटर. म्हणजे २३ रुपये १० पैसे.

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीत पहिलं मत आलं ते असं: चूक दुरुस्त करून टाकू, आजपासून बरोबर होईल. २३ रुपयांसाठी सगळ्या डेअऱ्यांना पत्रं पाठवायची, त्यांच्या मनात शंका घालायची, पुढचं टेंडर घालवायचं? हे म्हणणारा माणूस वाईट नव्हता, त्याला पाच जणांचे पगार द्यायचे होते. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक दादांचा रिकामा तराजू. दुसरी, लहानपणी मदरशात पाठ केलेली सूरह अल-मुतफ्फिफीन, जी मापात कमी देणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. तेव्हा आम्हाला वाटायचं की ती दुकानदारांसाठी आहे. बैठकीत मी यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की यातलं एक खातं माझ्या खालाचं आहे, आणि तिच्याकडे वही आहे. त्यावर सगळे गप्प झाले. नंतर माझ्या एका सहकाऱ्याने हळूच सांगितलं की त्याच्या सासऱ्यांच्या म्हशी आहेत पलूसकडे.

सव्वीस दिवसांची सगळी संकलनं पुन्हा मोजली. एका माणसाचे २३ रुपये, दुसऱ्याचे ६, कोणाचे ८०. सगळ्या केंद्रांचे मिळून आकडा पाच आकडी झाला. पत्रं गेली. एका डेअरीच्या सचिवांनी फोनवर मला पंधरा मिनिटं ऐकवलं, ते मी ऐकून घेतलं. फरक पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत दाखवून दिला गेला. एका ग्राहकाने आमचं सॉफ्टवेअर बंद केलं. तो परत आलेला नाही.

मग रात्रीच्या चाचण्या नव्याने मांडायचं काम माझ्याकडे आलं. न मागताच आलं.

ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या डेस्कटॉपवर आता भरवसा ठेवायचा नव्हता. सगळं गिटहब ॲक्शन्सवर नेलं, जिथे चाचण्या भाड्याच्या मशीनवर चालतात. चार भागांत वाटल्यावर साडेतीन तासांचं काम तासाभरात होऊ लागलं. वेळ ठरवायची तर एका ओळीत पाच खुणा लिहायच्या: मिनिट, तास, दिवस, महिना, वार. मी पहाटे दोन सत्तेचाळीस ठरवली, कारण अगदी तासाच्या ठोक्याला जगभरचे लोक वेळ लावतात आणि तिथे गर्दीत उशीर होतो. पहिल्या रात्री काहीच घडलं नाही. सकाळी सव्वाआठला, मी पोहे खाताना, चाचण्या सुरू झाल्या. ती वेळ यूटीसीत धरतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले दोन सत्तेचाळीस म्हणजे त्यांचे आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ सतरा. हे मला माहीत होतं. तरी चुकलं.

त्याच साडेपाच तासांनी पुढे एक वेगळीच गोष्ट शिकवली. नव्या जागी आल्यावर बिलाच्या तीन चाचण्या अधूनमधून लाल व्हायच्या. दुसऱ्या दिवशी आपोआप हिरव्या. दिवसा कोणी चालवल्या तर हिरव्याच. आमच्या भाषेत अशा चाचणीला लहरी म्हणतात, आणि लहरी चाचणीकडे बघायचं लोक सोडून देतात. "तारखेवाली आहे ती, सोड," असं आमच्यातही सुरू झालं. दोन महिन्यांनी सहज कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो तर लाल रात्री कोणत्या? १, ११ आणि २१ तारखेच्या. म्हणजे नेमक्या नवीन दहा दिवस सुरू होण्याच्या. पहाटे पावणेतीनला आपल्याकडे १ तारीख लागलेली असते, पण भाड्याच्या मशीनवर अजून आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस असतो, तो थेट आपल्या साडेपाचपर्यंत. प्रोग्राम तारीख मशीनला विचारत होता.

आणि हे फक्त चाचणीचं दुखणं नव्हतं. आमचं मुख्य सर्व्हरही तीच वेळ पाळत होतं. काही केंद्रं पहाटे पाचला उघडतात. पाच ते साडेपाच या अर्ध्या तासात आलेलं १ तारखेचं दूध मागच्या बिलात जमा होत होतं. पैसे बुडत नव्हते, पण दहा दिवस आधीच्या हिशेबात जात होते. शेतकरी म्हणे या पगारात एक वेळ कमी, सचिव म्हणे मागच्यात बघ. वर्षानुवर्षं गावोगाव या अर्ध्या तासावरून भांडणं झाली असतील. ज्या चाचणीला आम्ही लहरी म्हणून टाकलं होतं ती खरं बोलत होती.

इशारे जास्त झाले की माणूस बहिरा होतो, हे आम्हीच शोधून काढलं असं नाही. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर खरेदी-विक्री करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडायच्या आधी तिच्या प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ मेल पाठवल्या, ज्यात चुकीच्या जागेचं नाव होतं. त्या मेल इशारा म्हणून आखलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या कोणी बघत नसे. बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. गिटलॅबची मेल पोचली नव्हती, यांच्या सत्त्याण्णव पोचल्या होत्या.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. रात्री कितीही चाचण्या पडोत, मेसेज एकच. त्यात काय पडलं, कधीपासून पडतंय, आणि त्या दिवशी कोणाचा बदल आत गेला, एवढंच, आणि तेही मराठीत. "चाचणी अयशस्वी" असा मेसेज नाही. "गाय, फॅट ४.३५: दर ३० पैसे कमी येतोय, कालपासून" असा. पैशात सांगितलं की माणूस उठतो. मेसेज कोणाच्या एकट्याच्या पत्त्यावर नाही, सगळ्यांच्या ग्रुपवर, पण उत्तर द्यायची जबाबदारी त्या आठवड्यात ज्याची पाळी त्याची. लहरी चाचणीला आठवडाभराची मुदत. तेवढ्यात कारण सापडलं नाही तर ती काढून टाकायची, पण लाल ठेवून तिच्याकडे बघायचं बंद करायचं नाही. गिटहबची आणखी एक खोड आहे, ती वेळेवर कळली म्हणून वाचलो: वेळ लावलेल्या कामाची सूचना ते शेवटी ज्याने ती वेळेची ओळ बदलली त्यालाच पाठवतात. म्हणजे बंगळुरूला गेलेल्या मित्राचीच गोष्ट पुन्हा. तुमच्यापैकी कोणी हौसेने सार्वजनिक प्रकल्प चालवत असाल तर हेही बघा की साठ दिवस प्रकल्पात काही हालचाल नसली की तिथे वेळ लावलेली कामं आपोआप बंद होतात.

एवढं करून मला वाटलं झालं. नोव्हेंबरात तीन रात्री एकही मेसेज आला नाही. आम्ही खूश. चौथ्या दिवशी पाहिलं तर चाचण्या चाललेल्याच नव्हत्या. कोणीतरी दोन शाखा जोडताना जुनी फाइल आत आणली होती आणि तिच्यात वेळेची ओळच नव्हती. चाचणी पडली तर बोंब मारायची सोय आम्ही केली होती. चाचणी उठलीच नाही तर कोण बोंब मारणार?

लहानपणी आमच्या गल्लीत रात्री गुरखा फिरायचा. दर तासाला काठी आपटायचा, शिट्टी वाजवायचा. पाहुणे आले की त्यांची झोपमोड व्हायची, आमची कधी झाली नाही. अम्मी सांगते, एका रात्री ती दचकून उठली आणि तिने अब्बांना उठवलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, शिट्टी नाही वाजली. तो तापाने पडला होता असं सकाळी कळलं.

आता आमच्याकडे रोज रात्री चाचण्या संपल्या की सगळं हिरवं असलं तरी एक ओळ येते: एवढ्यांपैकी एवढ्या पास, एवढी मिनिटं लागली. आणि दुसऱ्याच ठिकाणच्या, गिटहबशी संबंध नसलेल्या एका छोट्या सर्व्हरवर एक पहारेकरी बसवलाय. त्याचं काम एकच. पहाटे सहापर्यंत ती ओळ त्याच्याकडे पोचली नाही तर ज्याची पाळी त्याला फोन करायचा. त्याला चाचण्यांमधलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. महिन्यातून एकदा आम्ही मुद्दाम एका दरपत्रकात खोटा दर घालतो आणि इशारा येतो का बघतो. कधी घालणार हे पाळीवाल्याला सांगत नाही. पहिल्या खेपेला इशारा आला, पण पाळीवाल्याने फोन सायलेंटवर ठेवला होता.

पाळ्यांचा एक गंमतीचा हिशेब झालाय. रमजानचा पूर्ण महिना माझ्याकडे. कोणी लादला नाही, मीच घेतला. सहरीला चारच्या सुमाराला उठतो तेव्हा निकाल नुकताच आलेला असतो. अम्मी तव्यावर पराठा टाकते, मी फोन बघतो. "क्या बोला तेरा गुरखा?" ती विचारते. हिरवं असलं की मी मान हलवतो. बदल्यात ईदचे तीन दिवस बाकीचे घेतात, आणि गणपतीत पुन्हा मी. दिवाळीवरून अजून वाद आहे, कारण दिवाळीला बोनस वाटायचा म्हणून डेअऱ्यांची सगळ्यात मोठी बिलं तेव्हाच असतात आणि ती पाळी कोणालाच नको असते.

खालाला फरकाचे पैसे मिळाले तेव्हा ती पुन्हा बाजाराला आली होती. पगाराच्या कागदावर शेवटी वेगळी ओळ होती, मागील फरक २३.१०. तिने ती वहीतल्या बेरजेशी ताडून पाहिली, मग मला दाखवली. मी म्हणालो, खाला, आता रोज रात्री मशीनच मशीनला तपासतंय, तू कशाला लिहीत बसतेस. तिने वही मिटली, पिशवीत वांग्यांच्या वर ठेवली.

"पानं संपत आली," ती म्हणाली. "येताना दोनशे पानी आण. और लाल पेन."